सॅम मूर : आवाज आणि त्याचा हक्क

चि. निनाद यास,


तुझ्याकडच्या रेडिओवर आजही लागणाऱ्या ‘सोल मॅन’ या गाण्यातील उंच पट्टीचा आवाज सॅम मूर यांचा असून त्यांना साथ देणारा भरदार आवाज डेव्ह प्रेटर यांचा आहे. सोल म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधील गॉस्पेल, अर्थात भक्तिगीत, आणि लौकिक ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून घडलेली गायनशैली होय. 1935 मध्ये मायामीत जन्मलेले मूर आणि जॉर्जियाचे प्रेटर हे दोघेही चर्चमध्येच गायला शिकले आणि 1961 मध्ये मायामीच्या एका क्लबमध्ये एकत्र आले. धर्मोपदेशकाने हाक द्यावी व मंडळीने तिला उत्तर द्यावे, ही चर्चमधील रीत त्यांनी दोन गळ्यांत अशी वाटून घेतली, की एकाचे वाक्य कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे सांगणे अवघड व्हावे.

मेंफिसमध्ये एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या स्टॅक्स स्टुडिओत आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर यांनी त्यांच्यासाठी गाणी रचली. 1967 च्या डेट्रॉइटमधील दंगलीत जाळपोळीतून बचावासाठी कृष्णवर्णीयांनी आपल्या इमारतींवर ‘सोल’ हा शब्द लिहिल्याचे हेज यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि त्यातून ‘सोल मॅन’ जन्मले. त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. मात्र रंगमंचावर इतके एकजीव असलेले हे दोघे रंगमंचाबाहेर कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि 1981 अखेर त्यांची जोडी कायमची फुटली. हेरॉइनच्या व्यसनातून मूर पत्नी जॉयस यांच्या आधाराने बाहेर आले. प्रेटर 1988 मध्ये मोटार अपघातात मृत्यू पावले.

मूर यांचे उत्तरायुष्य, जे त्यांच्या कीर्तीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे, एका हक्कासाठी झगडण्यात गेले. अमेरिकेत पारंपरिक रेडिओवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधन, म्हणजे वापराचा मोबदला, मिळतो. गाणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही. ज्याच्या गळ्यावाचून ते गाणे ओळखूही येणार नाही त्यालाच वगळणारी ही व्यवस्था अन्यायकारक आहे, आणि मूर यांनी 2007 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन ती बदलण्याची मागणी केली. 10 जानेवारी 2025 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, फ्लोरिडात त्यांचे निधन झाले, तेव्हाही ती व्यवस्था बदललेली नव्हती.

तुझा,
मामा