एका शब्दाचा संसार

इंग्रजींतील ‘रन’ हा शब्द आम्हीं प्रथम शिकलों, तेव्हां ‘धावणें’ एवढाच अर्थ पाठ केला. पुढें पाहतों तों इंग्रजांचें नाक धावतें, घड्याळ धावतें, दुकान धावतें. इतकेंच काय, निवडणुकीचा उमेदवारही धावतो! ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, पुढें २०११ सालीं, नव्या आवृत्तीच्या कामांत, एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले.

धुतांना फुटणाऱ्या रंगासही हेंच क्रियापद. आमच्या आजीनें एकदां नव्या लुगड्यावरील इंग्रजी चिठ्ठी आमच्यापुढें धरिली. ‘हा रंग धावत नाहीं’ असें शब्दशः सांगितलें असतें, तर तिला काय बोध झाला असता? ‘रंग जाणार नाहीं’ असें आम्हीं सांगितलें, आणि लुगडें निःशंकपणें बादलींत पडलें. कोश जवळ नव्हता. जबाबदारी मात्र मोठी होती.

तथापि इंग्रजीस हसण्यापूर्वीं आपलें ‘लागणें’ आठवावें. मोल्स्वर्थसाहेबांनीं १८५७ च्या आपल्या कोशांत तें मांडण्यास किती धीर धरिला असेल! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडास आंबे लागतात, शेजारचा गृहस्थ आपला मामा लागतो. रात्रीं दार लागतें, आणि मग डोळाही लागतो.