दोन फायलींच्या मधली तारीख

मुंबईची मेट्रो ३ प्रवाशाला एक सलग रेघ दिसते: कुलाबा, वांद्रे, सीप्झ, साडेतेहेतीस किलोमीटर. बांधणाऱ्यांच्या लेखी ती कधीच एक रेघ नव्हती. बोगदे आणि स्थानकांचंच काम सात पॅकेजेसमध्ये वाटलेलं, त्यांत मिळून १७ टनेल बोरिंग मशीन. रूळ, वीज, सिग्नल यांची कामं आणखी वेगळी. जितके ठेके तितकी वेळापत्रकं. भुयारी मेट्रोच्या अशाच कामांवर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. सगळ्यांच्या फायली एकमेकींना जोडायच्या आणि गाडी कधी धावणार ते सांगायचं, हे माझं काम.

ड्यू पॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७च्या सुमारास क्रिटिकल पाथची पद्धत बसवायला घेतली, तेव्हा सगळं काम एकाच जाळ्यात असणार हे धरलेलंच होतं. कुठेही उशीर झाला की त्याचा धक्का शेवटापर्यंत पोचणार आणि गणितात दिसणार. ठेक्यागणिक फायली वेगळ्या झाल्या की हे जाळं नेमकं तिथे फाटतं, जिथे एक ठेकेदार दुसऱ्याच्या ताब्यात जागा देतो. आणि मोठ्या प्रकल्पात उशीर शिरतो तोही बहुतेक तिथूनच.

वेळापत्रकाच्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या फाईलमधलं काम जोडलं की प्रेडेसेसरच्या, म्हणजे आधीच्या कामाच्या, रकान्यात त्या फाईलचा अख्खा पत्ता येतो आणि ते काम राखाडी अक्षरांत दिसू लागतं. कुणी फोल्डर हलवलं, फाईलच्या नावापुढे ‘फायनल’ चिकटवलं, की पत्ता चुकला. प्रिमाव्हेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे प्रकल्प एकाच डेटाबेसमध्ये राहतात, तिथे ही भीती कमी. पण ठेकेदार वेळापत्रक आपल्या ऑफिसात चालवतात आणि महिन्याला एक्सईआर फाईल पाठवतात. एकटाच प्रकल्प बाहेर काढला की इतर प्रकल्पांशी असलेली नाती मागे राहतात आणि त्यांच्या जागी ‘एक्स्टर्नल अर्ली स्टार्ट’, ‘एक्स्टर्नल लेट फिनिश’ अशा तारखा येऊन बसतात. कन्स्ट्रेंटच्या, म्हणजे तारखेच्या बंधनाच्या, रकान्यात त्या दिसत नाहीत. रुळांच्या एका फाईलमध्ये काँक्रीटचं काम असंच अडलं होतं. आधीची कामं संपलेली, कन्स्ट्रेंट कोरा, तरी सुरुवातीची तारीख जागची हलेना. बोगदा ठरल्यापेक्षा लवकर ताब्यात आला होता. फाईल मात्र कधीकाळी नोंदलेल्या पुढच्या तारखेची वाट पाहत होती. नवी एक्सईआर आली की मी ‘एक्स्टर्नल’ तारखांचे हे दोन रकाने सगळ्यात आधी उघडतो.

फ्लोटचंही, म्हणजे काम किती लांबवता येईल त्या मोकळीकीचंही, तसंच. ठेकेदाराच्या फाईलमधला फ्लोट त्याच्या ठेक्याच्या शेवटापासून मोजलेला असतो, आणि त्याच्यापुरता तो खराच असतो. सगळे प्रकल्प एकत्र उघडून फ्लोट सगळ्यांच्या मिळून शेवटापासून मोजायला सांगितला की निवांत दिसणारी कामं अचानक तातडीची होतात. असं एकत्र उघडताना डेटा डेट, म्हणजे वेळापत्रक ज्या तारखेपर्यंत अपडेट केलंय ती तारीख, सगळ्यांची एकच हवी, याबाबत मी हट्टी आहे.

सगळ्यात जपायचं ते कॅलेंडर. बोगद्याचं काम बारमाही, रात्रंदिवस चालतं. डेपोच्या मातीकामाला आपल्याकडे जून ते सप्टेंबर सुट्टी धरावी लागते. समजा डेपोत वीस दिवसांचं मातीकाम आहे आणि जागा १० मेला मिळणार आहे. ते २९ मेला संपतं. जागा देणाऱ्याला पंधरा दिवस उशीर झाला, २५ मे उजाडला, तर मे महिन्यातले सात दिवस हाती लागतात; उरलेले तेरा १ ऑक्टोबरपासून. काम १३ ऑक्टोबरला संपतं. देणाऱ्याच्या फाईलमध्ये पंधरा दिवस, घेणाऱ्याच्या फाईलमध्ये साडेचार महिने. दोन्ही फायली आपापल्या जागी बरोबर, आणि हा फरक जोडल्याशिवाय दिसत नाही.

तरीही सरसकट सगळं जोडून टाकायला माझा विरोध आहे. कामाला काम बांधत गेलं तर महिनाभरात कुणालाच कशाचा पत्ता लागत नाही. मी मध्ये एक छोटी फाईल ठेवतो, फक्त माइलस्टोनची. प्रत्येक ताब्यासाठी दोन: दिलं आणि मिळालं. बाहेरच्या सगळ्या जोडण्या याच फाईलमधून जातात. या जोडण्या सगळे प्रकल्प एकत्र असलेल्या माझ्या मास्टरमध्ये जिवंत असतात. ठेकेदाराच्या प्रतीत मात्र नुसती मान्य झालेली तारीख. एकाचा उशीर दुसऱ्याच्या वेळापत्रकात गुपचूप मुरू नये, त्यावर आधी बोलणं व्हावं, म्हणून.

त्या माइलस्टोनची नावं लिहायला मी वेळ घेतो. बोगदा खणणाऱ्याच्या मते मशीन पलीकडे बाहेर पडलं की बोगदा दिला. रूळवाल्याला तो हवा असतो मशीन आणि पाइप काढलेला, गळती बंद केलेला, धुतलेला, आणि प्रत्यक्ष बोगदा ठरलेल्या रेषेपासून किती सरकला ते मोजलेला. या दोन क्षणांच्या मधली कामं अनेकदा दोन्ही फायलींत नसतात. एकाला वाटतं ती दुसऱ्याची, दुसऱ्याला वाटतं ती पहिल्याची. म्हणून दर महिन्याच्या अपडेटआधी मी दोन्हीकडच्या प्लॅनरना एका टेबलाशी बसवतो आणि माइलस्टोनचं नाव मोठ्याने वाचायला लावतो. मागे एकदा असं वाचताना रूळवाल्या मुलीने विचारलं, ‘‘सर, अप बोगदा आधी मिळाला तर आम्ही सुरू करू शकतो. डाऊनसाठी का थांबायचं?’’ समोरच्याने मान डोलावली. अप त्याच्याकडे जवळपास तयारच होता. एका माइलस्टोनचे तिथेच दोन केले आणि दोन्ही तारखांपुढे दोघांची नावं घातली.