पोट सुटलेला त्रिकोण

ठाकुर्लीच्या माणसाकडे सल्ला मागायला सहसा कोणी येत नाही. डोंबिवलीत विद्वान राहतात, कल्याणात व्यापारी राहतात, आणि जलद लोकल जशी आमच्या स्टेशनावर न थांबता पुढे जाते तसे सल्ल्याचे गिऱ्हाईकही जाते. म्हणून मेलबर्नच्या भाच्याने फोनवर "मामा, तुमचा एक सल्ला हवाय, निवड करायचीय," म्हटले तेव्हा घरात एकदम चैतन्य पसरले. हिने तर टीव्हीसुद्धा बंद केला. तिला वाटले, मुलगी पाहिली.

मुलगी नव्हती. मोटार होती. 1990 सालची मझदा आरएक्स-7, बिनटर्बोची. तिचा जुना संगणक थकला होता आणि त्याजागी बाजारातला नवा बसवायचा होता.

आता ही गाडी म्हणजे साधी नव्हे. हिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत! फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन गृहस्थांची ही कल्पना. 1957 साली पहिले इंजिन फिरले, 1967 साली मझदाने ते कॉस्मो गाडीत घातले आणि 1978 पासून आरएक्स-7 मध्ये. कमरेत चिमटलेल्या लंबगोल डब्यात एक त्रिकोण फिरतो. त्रिकोणही कसा, तर तिन्ही बाजूंनी पोट सुटलेला, थेट माझ्या वयाचा. तो एकदा फिरेपर्यंत दांडा तीनदा फिरतो. आमच्या घरातही मी सोफ्यावर एकदा कूस बदलेपर्यंत हिच्या बाजाराच्या तीन फेऱ्या होतात. पण त्याला कोणी शोध म्हणत नाही.

माझी पात्रता म्हणाल तर एक स्कूटर. बावीस वर्षे चालवली. रोज सकाळी डावीकडे तिरकी करायची, प्लग काढून सँडपेपरने घासायचा आणि कुलदैवताचे नाव घेऊन किक मारायची. इंजिनाचे सारे व्यवस्थापन एवढेच!

भाच्याने तीन स्थळे सांगितली. एक हॅल्टेक, तिथलेच ऑस्ट्रेलियाचे. दुसरे लिंक, शेजारच्या न्यूझीलंडचे. तिसरे अमेरिकेचे मेगास्क्वर्ट. हे स्वस्तात पडते, पण हौशी माणसे त्याचे सुटे भाग आणून घरीच डाग देऊन जोडतात. म्हणजे मुलगी पसंत असेल तर मांडव तुम्हीच घाला, स्वयंपाकही तुम्हीच करा.

"एवढा खर्च करून गाडी किती जास्त पळेल?" हिने विचारले.

"फार नाही, मामी. टर्बो नाही ना."

"मग जुनाच दुरुस्त करून घे की!"

हिचे म्हणणे वाटते तितके भाबडे नव्हते. बिनटर्बोच्या गाडीत नुसता संगणक बदलून राक्षसी ताकद येत नाही. पण पस्तीस वर्षांच्या वायरी आणि जुने सुटे भाग किती दिवस साथ देणार, हा भाच्याचा प्रश्नही खरा होता.

शिवाय अटी किती! दर त्रिकोणाला दोन प्लग, म्हणजे दोन त्रिकोणांना चार. पुढचा आधी पेटतो, मागचा किंचित उशिरा, आणि हे अंतर नव्या पेटीला नीट कळले पाहिजे. हवा आत घ्यायला सहा दारे. त्यातली दोन इंजिन जोरात फिरू लागल्यावरच उघडायची. आपण नाही का, पाहुणे वाढले की माळ्यावरचे पाट काढत, तसे. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट तेलाची. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात. त्यांना सतत थोडे तेल लागते. या साली ते देणारा पंप जुन्या संगणकाच्या हुकमावर चाले. नव्या पेटीला त्याची भाषा येत नसेल तर पट्ट्या कोरड्या, मग इंजिन उघडायचे आणि भाच्याची वर्षाची शिल्लक संपली.

"मग लोक काय करतात?"

"पेट्रोलमध्येच तेल मिसळतात."

मी उठून बसलो. पेट्रोलमध्ये तेल! अहो, हा तर माझा विषय! पंपावर उभे राहून लिटरला वीस मिली या हिशेबाने किती वर्षे ओतले! रोटरीला त्याहून बरेच कमी पुरते, एवढाच फरक. माझ्या स्कूटरचे गोत्र जपानपर्यंत पोचलेले पाहून ऊर भरून आला.

तरी तीनपैकी कोणते, हा प्रश्न उरलाच. तो सोडवला शेजारच्या आजोबांनी. तरुणपणी ते इथल्या रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये होते. पॉवर हाऊस बंद पडून कैक वर्षे झाली, पण आजोबांचा कान अजून यंत्रावर असतो. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "ती पेटी जुळवणार कोण?"

खरेच की! पेटी येते ती जवळजवळ कोरी. किती वेगाला किती पेट्रोल, किती भाराला कधी ठिणगी, हे तक्ते गाडी रोलरवर चढवून घराघराने भरावे लागतात. पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली तर त्या पट्ट्यांचे तुकडे होतात. तेव्हा आधी रोटरी जाणणारा माणूस गाठायचा, तोही जाता-येता भेटेल असा. त्याचा हात ज्या पेटीवर बसलेला असेल, ती आपली पेटी.

भाच्याने तसेच केले. त्या माणसाने आपल्या सवयीची पेटी बसवली, चार तास तक्ते भरले आणि निघताना बजावले, टाकीत तेल मिसळायला विसरू नकोस.

हे कळताच हिने माळ्यावरून माझे जुने तेलाचे प्लॅस्टिकचे माप शोधून काढले, तीनदा घासले आणि तिकडे जाणाऱ्या ओळखीच्या मुलाबरोबर बेसनाच्या लाडवांसोबत पाठवले. लाडू वाटेतच संपले. माप मात्र सुखरूप पोचले.