पाण्यात बुडणारा मासा

काही उपमा वर्गात इतकी वर्षे शिकविल्या जातात की त्यांच्यामागची वस्तू आपण कधी डोळ्यांनी पाहिली आहे काय, असा प्रश्नच मनात येत नाही. पाण्यावेगळी झालेली मासोळी ही त्यांतलीच एक. विरहभक्तीचा विषय निघाला की आम्ही ती सांगतो, 'जीवन' या शब्दावरचा श्लेष फळ्यावर लिहितो, जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे आयुष्य हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे वसतात ते समजावून देतो, आणि मुले वहीत उतरवून घेतात. आम्ही दोघे एकाच विभागात अध्यापन करतो. दोघांनीही एम. ए. मराठीच केले आणि दोघांचीही चाळिशी सरत आली. ही उपमा आमच्यापैकी प्रत्येकाने निदान वीसेक वेळा तरी शिकविली असेल. पाण्याबाहेर काढलेली मासोळी मात्र आम्ही बाजारातल्या परातीखेरीज कोठे पाहिली नव्हती.

ती पाहण्याचा योग आला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. पोळा होऊन गेला होता, श्रावण सुटला होता आणि गणपती बसायला दोन दिवस होते. त्याचा फोन आला. "सर, मागं एकदा म्हणले होते ना पाण्यावर यायचं? या उद्या. पण साडेचारला धरणावर पाहिजेत." आम्ही असे केव्हा म्हटले होते ते आम्हांला आठवत नव्हते. बहुधा त्याच्या बी. ए.च्या दिवसांत, निरोपसमारंभात प्राध्यापक मंडळी जी अनेक आश्वासने देतात त्यांतले ते एक असावे.

अप्पर दुधनेचे धरण जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातल्या सोमठाण्याजवळ आहे. टेकडीवर रेणुकेचे देऊळ, नवरात्रात तेथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र हा सारा परिसर निवांत. दुधना पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. नकाशावर ही रेघ मोठी भरवशाची दिसते, परंतु 2012-13च्या दुष्काळात आम्ही याच तलावाच्या तळावरून चालत गेलो होतो. तेव्हा येथे भेगाळलेला गाळ होता आणि त्यात रुतून बसलेले शिंपले होते. त्या आठवणीवर आता पाणी होते, पुरुषभर तरी खोल, आणि आम्ही त्यावर तरंगत होतो.

होडी पत्र्याची, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती. तिघे बसले की पाणी काठाला वीतभरावर येते. एरवी तो थर्माकोलच्या तराफ्यावर जातो. खताच्या गोण्यांत थर्माकोलचे तुकडे भरून, त्या दोरीने आवळून केलेली ती एका माणसाची बैठक असते. आमच्यासाठी त्याने संस्थेची होडी मागून आणली होती. "मोठे सर मधी बसा. धाकटे सर, तुम्ही पुढं. आन् हालू नका जास्त." आम्हां दोघांना 'मोठे' आणि 'धाकटे' ही नावे त्याच्याच तुकडीने दिली होती. वयात अंतर अवघे दोन वर्षांचे आहे. अमावस्या नुकतीच उलटलेली, म्हणून चंद्र नव्हता. काठावर एक टिटवी सारखी ओरडत होती. वल्हे पाण्यात शिरताना आवाज होत नव्हता, बाहेर येताना मात्र थेंबांचा बारीक आवाज होई. बोलावेसे वाटत नव्हते, आणि वर्गात पंचेचाळीस मिनिटे अखंड बोलण्याची सवय असलेल्या माणसांना ही अवस्था फारशी ठाऊक नसते.

येथे एक विषयांतर करतो. हेमिंग्वेच्या 1952च्या त्या प्रसिद्ध कादंबरिकेचे मराठी रूपांतर करताना पु. ल. देशपांडे यांनी तिला 'एका कोळियाने' असे नाव दिले. पुन्हा पुन्हा जाळे विणणाऱ्या कोळ्याची बालकविता ज्याच्या कानांवर आहे त्याला या नावातली गंमत लगेच कळते. कोळी म्हणजे जाळे टाकणारा माणूस आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा जीवही. समुद्रकाठच्या वाचकाला हा श्लेष सहज पेलतो. आमच्या वर्गात मात्र तो दरवेळी थोडा अडखळतो, कारण आमच्याकडे नदीवर आणि तलावावर मासे धरणारा माणूस हा भोई. आणि भोई म्हटला की मराठी साहित्याला आठवते ती पालखी. दुसऱ्याचे ओझे वाहणाऱ्याची प्रतिमा म्हणून त्याला आपण कवितेत, अग्रलेखात, श्रद्धांजलीच्या भाषणात किती वेळा उभे केले याची गणती नाही. पालखी खाली ठेवल्यावर तो कोठे जातो, हे विचारण्याचे कारण आपल्याला पडले नाही. तो पाण्यावर जातो. आमचा विद्यार्थी भोई समाजाचा आहे.

फटफटले तेव्हा आम्ही तलावाच्या उथळ अंगाला, पाणवनस्पतींच्या कडेशी आलो होतो. कपाळावर पांढरा टिळा असलेले दोन वारकरी पक्षी पानांतून पोहत गेले. या पक्ष्याला वारकरी म्हणतात हे त्यानेच सांगितले. त्याने बांबूची काठी काढली, तिला जाड तंगूस आणि तंगुसाच्या टोकाला रबरी बेडूक. पूर्वी गळाला जिवंत बेडूक लावीत. आता हा रबरी बेडूक मोबाईलवरून मागविता येतो, आणि त्याच्या पोटाखाली दोन गळ असे लपविलेले असतात की पानांत अडकू नयेत. तो बेडूक त्याने पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर टाकला आणि टप, टप असा ओढू लागला.

मरळ अशा जागी दबा धरून असते. तिचे डोके सापासारखे चपटे, तोंड मोठे, दात अणकुचीदार. बेडूक, लहान मासे, किडे, काहीही गिळते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ती हवा भरून घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही, थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावाच लागतो. भोई तो श्वास ऐकतात. "ते बघा," असे तो म्हणे, आणि आम्ही बघेपर्यंत तेथे फक्त एक वर्तुळ विरत असे.

अमेरिकेतल्या गळप्रेमींचे बरेच लेखन आमच्यापैकी एकाने वाचले आहे. तेथे पहाटे कनूमधून 'लार्जमाउथ बास' धरण्याला जवळपास काव्यात्म प्रतिष्ठा आहे. तो मासाही असाच: मोठ्या तोंडाचा, गवतात दबा धरणारा, पिल्ले राखणारा. बहुतेक हौशी लोक तो धरतात, न्याहाळतात आणि पाण्यात सोडून देतात. याच बासला जपानने 2005मध्ये उपद्रवी परके म्हणून कायद्याने बंदी घातली. आणि मरळीच्या एका चिनी भाईबंदाने 2002मध्ये अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात दर्शन दिले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस ठरविले, सरकारने तळ्यात विष कालविले, आणि त्याच वर्षी त्या कुळातल्या जिवंत माशांच्या आयातीवर बंदी आली. एकाच्या घरचा देखणा शिकारी तो दुसऱ्याच्या घरचा घुसखोर. आम्ही हे सारे होडीत बसून सांगितले. त्याने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "धरून सोडतात? मग खातात काय?"

बेडकावर झडप आली ती आम्हांला दिसलीच नाही. पाणी फुटल्याचा आवाज झाला, काठी वाकली, आणि तो उभाही न राहता, नुसते मनगट फिरवून, काळपट हिरवी मरळ होडीत घेऊन आला. ती होडीच्या तळाला पडली. आम्ही दोघेही पाय आखडून घेऊन तळमळ पाहण्यास सज्ज झालो. तिने एकदा शेपटी आपटली, मग दुसऱ्यांदा, आणि मग ती स्वस्थ पडून राहिली. तोंड किंचित उघडे. श्वास घेत होती. आमच्याकडे पाहत होती, असे लिहिण्याचा मोह होतो, पण तो आम्ही आवरतो.

"ही अशीच पडून राहील," तो म्हणाला. "अंग ओलं ठेवलं तर तास-तास. तळं आटलं की चिखलात राहते, पाऊस येईपर्यंत." मग वल्हे हातात घेत, फारसा जोर न देता, "सर, तुम्ही मासोळीचं शिकवलं ना, तेव्हाच सांगणार होतो मी. रोहूचं तसं होतं. मरळीचं नाही होत."

"मग सांगितलं का नाहीस?" मोठे सर विचारते झाले.

"वर्गात कसं सांगणार? कुणाला काय माहीत होतं मी कोण ते. हात वर करून मासे सांगितले असते म्हणजे कळालंच असतं सगळ्यांना."

यावर आम्ही काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही, कारण काही बोललो नाही. ते 2007 साल असावे. आम्ही नव्याने नोकरीत आलेलो, सामाजिक जाणिवेवर तावातावाने बोलणारे. दलित आत्मकथने, ग्रामीण साहित्य, अनुभवाची प्रामाणिकता, सारे शिकवीत होतो. तिसऱ्या बाकावर एक मुलगा एका उपमेची चूक मनात धरून बसला होता आणि ती त्याने अठरा वर्षे धरून ठेवली.

पुढची गोष्ट आमची आहे, त्यामुळे ती टाळून चालणार नाही. त्याला एम. ए. करावयास आम्हीच लावले. त्याचे वडील म्हणत होते, पोटापुरते शिकला, आता संस्थेचा सभासद होऊ दे. आम्ही घरी जाऊन त्यांची समजूत घातली. मोठ्या सरांनी त्या दिवशी वापरलेले वाक्य आम्हांला अजून आठवते, ते येथे देत नाही. त्याने एम. ए. केले, सेट उत्तीर्ण झाला. मग तासिका तत्त्व. एका महाविद्यालयात (नाव सांगण्यात अर्थ नाही, तसली पुष्कळ आहेत) त्याने सात वर्षे तासावर शिकविले. दर जूनमध्ये नवी मुलाखत, दर एप्रिलमध्ये काम संपले. मानधन कधी चार महिन्यांनी, कधी सहा. भरती निघेल, निघेल, असे आम्हीही सांगत राहिलो, आणि प्रत्येक वेळी ते आम्हांला खरेच वाटत होते. 2020च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि तासही बंद झाले. पुढच्या वर्षी मुलाखतीला तो गेलाच नाही. त्यानंतर आम्ही त्याला फोन करण्याचे हळूहळू टाळू लागलो. त्या पहाटे होडीत बसताना आम्हांला क्षमा हवी होती की निदान एखादा राग, हे आम्हांलाच नक्की सांगता येणार नाही. दोन्हींपैकी काही मिळाले नाही. तो जाळ्याकडे निघाला होता.

उभे जाळे त्याने संध्याकाळीच लावून ठेवले होते. ते उचलताना तो भराभर बोलत होता, कारण आता त्याच्या कामाची वेळ होती. संस्था तलाव ठेक्याने घेते, पावसाळ्यात बीज सोडते. अंड्यातून नुकतेच निघालेले ते मत्स्यजिरे, बोटाएवढे झाले की बोटुकली. हे सरकारी कागदांवरचे शब्द आहेत! परिभाषा-निर्मितीच्या नावाने आम्ही वर्गात पुष्कळदा खेद व्यक्त केला आहे. जिऱ्याएवढ्या जिवाला जिरे म्हणणारा कोणी अनाम माणूस मत्स्यव्यवसाय खात्यात होऊन गेला, हे आम्हांला ठाऊक नव्हते. जाळ्यात रोहू होते, कटले होते, चिलापी तर ढीगभर. ती कोणी सोडत नाही, आपली आपण वाढते. आणि एक मरळ होती, पहिलीहून मोठी, ताठ, मेलेली.

"बुडाली," तो म्हणाला.

आम्हांला वाटले तो थट्टा करतो आहे. तसे नव्हते. पाण्याखाली जाळ्यात डोके अडकले, वर येता आले नाही, हवा मिळाली नाही. मासा पाण्यात बुडून मेला होता. अशा मरळीला भाव कमी मिळतो. गिऱ्हाईक जिवंत मागते. ती सुटी करताना त्याच्या कपाळाला आठी पडली. तिचे कारण भाव हेच होते, आम्ही त्याला दुसरे काही चिकटवू नये.

परतताना आणखी एक दृश्य दिसले. पानांच्या कडेला पाण्यावर तांबूस नारिंगी रंगाचा एक ठिपका सरकत होता, सुपाएवढा, उकळत असल्यासारखा. ती मरळीची शेकडो पिल्ले होती, श्वास घेण्यासाठी एकत्र वर येणारी. खाली आईबाप असतात, आणि पिल्लांच्या जवळ काहीही आले तर ते तुटून पडतात. म्हणून त्या वेळी त्यांना धरणे सर्वांत सोपे. धाकट्या सरांनी काठीकडे पाहिले. त्याने वल्हे उलटे मारून होडी बाजूला घेतली. "ह्यांना नाही धरत आम्ही," एवढेच बोलला. थोड्या वेळाने म्हणाला, "काही लोक धरतात."

धरणाच्या भिंतीशी दोन व्यापारी मोटारसायकली घेऊन थांबले होते. श्रावण सुटल्यामुळे मागणी होती, गणपतीत पुन्हा कमी होणार होती. मासे काट्यावर चढले, वहीत आकडे उतरले. त्याचे अक्षर अजूनही तसेच वळणदार आहे. जिवंत मरळ त्याने व्यापाऱ्याला दिली नाही, प्लॅस्टिकच्या डब्यात थोडे पाणी घालून आमच्यासमोर ठेवली. आम्ही पाकिटे काढली. तो नको म्हणेल, मग आम्ही आग्रह करू, असा एक प्रवेश आमच्या मनात तयार होता. त्याने ती काट्यावर ठेवली.

"एक किलो तीनशे. साडेचारशेनं पाचशे पंच्याऐंशी."

आम्ही सहाशे देऊ केले. "पंच्याऐंशीच, सर," तो म्हणाला, आणि फोनवरचा चौकोन पुढे केला. पैसे आल्याचा आवाज झाला. त्याने डब्याचे झाकण लावले नाही. त्यावर ओले गोणपाट टाकले आणि ते सुतळीने बांधून दिले, हवा जावी म्हणून.

डबा मागच्या सीटखाली ठेवला होता. बदनापूर येऊन जालन्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही. दर काही मिनिटांनी मागून एक लहानसा आवाज येत होता. ती वर येऊन श्वास घेत होती.