नाकानं जेवणारी

डोलवीत मांजरानं उपाशी राहायचं ठरवलं, तर त्याला बरीच जिद्द लागेल. एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला मुंबई-गोवा महामार्ग आणि मधे पोलादाचा कारखाना. इस्पातचा तो कारखाना २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला, ट्रकांच्या रांगा लांबल्या. मासळीची पाटी मात्र अजून दारात येते. एवढ्या सुबत्तेत आमची मनी, जेमतेम दोन महिन्यांची, बशी हुंगायची आणि पंजानं बाजूची फरशी खरवडायची. समोरचं अन्न पुरून टाकायच्या लायकीचं आहे, हा त्याचा उघड अर्थ.

पाटीवाली मावशी हे बघत उंबऱ्यावर टेकली होती. म्हणाली, “वयनी, ती रुसली नाय. तिला वास नाय आला.”

पुढे वाचलं ते सगळं मावशीच्याच बाजूचं निघालं. माणसाच्या जिभेवर हजारो रुचिकलिका, मांजराच्या जिभेवर पाचशेच्या आत. गोड तर त्याला कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. तेव्हा दुधात साखर घालायची ती आपल्या समाधानासाठी. आणि दूध तरी कशाला? मांजर डोळे मिटून दूध पितं, इथवर म्हण बरोबर आहे. आईचं दूध सुटल्यावर बहुतेकांना ते पचत नाही, तो पुढचा भाग म्हणीत नाही. तो फडक्यानं पुसणाऱ्याला ठाऊक असतो.

म्हणजे नखरा जिभेचा नाही, नाकाचा. फ्रिजमधून काढलेल्या गार तुकड्याला वासच नसतो. तो कोमट, ताज्या शिकारीच्या अंगाइतका गरम केला की तेच पिल्लू बशी चाटून पुसतं. सर्दीनं नाक चोंदलं तरी जेवण बंद होतं. म्हणून एवढ्याशा पिल्लानं दिवसभर तोंड लावलं नाही, तर लाडिकपणा समजून वाट बघू नये, सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं.

काय द्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे ऋतूवर ठरतो. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. मग पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे, खाडीतल्या निवट्या, नाहीतर डब्यातला सुका जवळा. जिताडा आला तरी त्याचं डोकं मांजराच्या वाट्याला येत नाही, ते माणसंच भांडून खातात. पिल्लाचा मासा वेगळा उकडायचा, काटे काढायचे. कच्चा नको, कारण काही माशांत ब जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो आणि तो शिजवल्यावरच जातो. कालवणातला तर नकोच: कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतो, मग तो अलिबागचा पांढरा कांदा का असेना. खारवलेला बांगडाही माणसांपुरताच ठेवावा.

श्रावणात घरचे मासळी सोडतात. मांजरीवर श्रावण लादू नये. टॉरिन नावाचा घटक तिला मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की हृदय फुगून दुबळं होतं, हे कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी १९८७ साली दाखवून दिलं. तेही डबाबंद खाणं खाणाऱ्या मांजरांत. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणून नुसत्या मासे-भातावर वाढवण्यापेक्षा पाकिटातलं पिल्लांचं खाणं मुख्य आणि मासा वरचा खाऊ, असं मी ठरवलं. मावशीला हे मुळीच पटलं नाही. तिची मांजरं पाटीखाली वाढली. पण तिची मांजरं उंदीरही खातात, आणि उंदरात टॉरिन भरपूर असतं.

महिन्याचं पिल्लू मऊ खाऊ लागतं, दोन महिन्यांत दूध सुटतं. त्या वयात वजनाच्या मानानं त्याला मोठ्या मांजराच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं, सहा महिन्यांनंतर दोन-तीनदा. साधारण वर्षभरानं मोठ्यांचं खाणं. मेन कूनसारख्या दांडग्या जातींना दीड-दोन वर्षं थांबतात, पण आमच्या वाडीत तसलं कुणी नाही. नसबंदी झालेलं मांजर लवकर सुटतं, त्यामुळे त्याचं माप आधीच आवरावं लागतं.

बदल एका दिवसात करायचा नाही. आधी जुन्यात चिमूटभर नवं, मग निम्मं-निम्मं, आठ-दहा दिवसांत पुरतं नवं. मनीनं पहिले दोन दिवस जुने दाणे वेचून खाल्ले आणि नवे बशीच्या कडेला ठेवले. कोमट पाणी शिंपडल्यावर तेही गेले. उरलेलं पिल्लांचं पाकीट शेजारच्या बोक्यानं संपवलं. वयोगट त्याला मान्य नाही, आणि त्याचं पोट बघता ते कळतंच.