कोऱ्या कागदावरचे नाव

माझे वय ७६, धाकट्या भावाचे ६८. ऐन तिशीत त्याला स्किझोफ्रेनियाने गाठले. तेव्हापासून गंगाखेडहून परभणीला उपचारासाठी त्याला मीच नेत आलो. डॉक्टर प्रश्न विचारीत आणि उत्तरे मी देई. भाऊ शेजारी मान खाली घालून बसे. त्याच्या वतीने बोलणे हीच त्याची सेवा, अशी माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे दुखू लागले, म्हणून सूनबाई सोबत आली. मी नेहमीप्रमाणे बोलू लागताच ती म्हणाली, "बाबा, आधी काकांना सांगू द्या." बराच वेळ शांततेत गेला. मग भाऊ म्हणाला, "गोळी घेतली की हात थरथरतात. कपातला चहा सांडतो." डॉक्टरांनी औषध बदलले. चहा सांडल्यावरून मी त्याला कितीदा रागावलो होतो, हे परतीच्या वाटेवर आठवत राहिले.

त्यानंतर मी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ वाचून काढला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो आणि पुढे बदलताही येतो. कलम २७ प्रमाणे रुग्णाला या कायद्यातील हक्कांसाठी मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी जाता येते. रुग्णालयाच्या निर्णयाविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करण्यास शुल्क नाही.

शासन वकिलाचा खर्च उचलते, ही थोडकी गोष्ट नव्हे. परंतु वकिलाकडे जाण्याआधी रुग्णाचे म्हणणे ऐकून ते कागदावर उतरवणारा कोणीतरी हवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका यांचा विचार आहे; मात्र केवळ रुग्णाची बाजू मांडणारे स्वतंत्र पद त्यात नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून कायद्यानेच असे कैवारी उपलब्ध असून त्यांचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. आपल्याकडे हे काम घरची माणसे विनावेतन करतात, आणि घरची माणसे म्हातारी होतात. ज्यांना घरच उरले नाही, त्यांच्यासाठी कोण बोलणार? प्रत्येक जिल्ह्यात अशा निदान एका माणसाच्या वेतनाची तरतूद व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

एके दिवशी भावाची प्रकृती स्थिर असताना मी कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. माझेच नाव येणार, हे मी गृहीत धरले होते. त्याने सावकाश अक्षरांत सूनबाईचे नाव लिहिले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, "दादा, तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहेस."

माझ्यानंतर त्याचे कसे होईल, ही चिंता मी एकटाच वाहत आहे असे मला इतकी वर्षे वाटत होते. तीच चिंता तोही करीत होता. त्याला ती कोणी विचारली नव्हती.

वाचकहो, आपल्या घरी असा कागद झाला नसेल तर रुग्ण बरा असताना अवश्य करून घ्यावा. नाव मात्र त्याचे त्यालाच ठरवू द्यावे. विधी साहाय्यासाठी १५१०० आणि मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत.