सगळा दोष कॉम्प्युटरचा

नाताळच्या सुट्टीत लामत्याला गेले, तर घरी नवा पाहुणा आलेला. बाबांनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता, सोबत मॉनिटर आणि प्रिंटर. संध्याकाळी मी निबंध लिहायला बसले की थोड्याच वेळात मेन बोर्डवर 'खट्' आणि अख्खं घर अंधारात. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी आजी वैतागली, "त्या डब्ब्यानं लाइन जाते, बंद कर तो!"

वायरमन आले. बोर्डाकडे बघून म्हणाले, "ये ईएलसीबी ही परेशान कर रहा है. निकाल के डायरेक्ट कर देते हैं." बाबा तयार झाले. खरं सांगते, मीही तयार होते. अर्धा निबंध दोनदा उडाला होता. तरी म्हटलं, एक दिवस थांबू या.

त्या रात्री मोबाइलवर वाचत बसले. आपल्या बोर्डवर दोन वेगळे राखणदार असतात, हे मला माहीतच नव्हतं. एमसीबी वायरींना सांभाळते. लोड फार वाढला किंवा शॉर्ट झालं तर ती पडते. आमची 16 अँपिअरची. दुसरा राखणदार माणसांना सांभाळतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपिअर, म्हणजे 0.03 अँपिअर कुठे जमिनीत गळाले, की तो लाइन तोडतो. बरेचदा त्याच्या थोडं आधीच, 15च्या पुढे कधीही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे अगदी थोडा करंट अर्थिंगमध्ये जातोच. तो दोष नव्हे, त्याची रचनाच तशी. पण तो एक-दोन मिलिअँपिअरच्या आसपासचा. मग उरलेला कुठून?

दुसऱ्या दिवशी सगळे प्लग काढले आणि एकेक लावत गेले. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर तिन्ही चालू, काही नाही. फ्रीज लावला, काही नाही. दुपारभर लाइन गेली नाही. संध्याकाळी नळ आला, बाबांनी पाण्याची मोटर लावली, आणि खट्!

मोटर रोजचीच. एकटी चालली तर लाइन जात नव्हती, कॉम्प्युटर एकटा चालला तरी जात नव्हती. दोघांची गळती एकत्र झाली की मर्यादा ओलांडत होती. नवा म्हणून दोष कॉम्प्युटरवर.

मेन स्विच बंद करून बाबांनी मोटरची वायर उचलली. मोरीच्या ओल्या फरशीवर पडून तिचं कव्हर एका जागी फाटलं होतं. आत तांबं दिसत होतं. त्याच जागी आजी रोज अनवाणी उभी राहून हंडे भरते.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. 'डायरेक्ट' केलं असतं, तर माझा निबंध अखंड झाला असता. आणि आजीच्या पायाखालच्या गळतीची 16 अँपिअरच्या एमसीबीला खबरही लागली नसती.

वायरमनना पुन्हा बोलावलं. त्यांनी वायर बदलली, ती भिंतीवर उंच बसवली. त्या छोट्या 'टेस्ट' बटणावर बोट ठेवून बाबांना म्हणाले, "बीच-बीच में दबा के देखना, गिरना चाहिए." आता बाबा सुट्टीच्या दिवशी ते दाबतात. खट् झालं की आजी मोरीतून विचारते, "कॉम्प्युटर लावला का?"